मावशींना दिसलेलं स्थळ

श्रद्धाला लहानपणी प्रार्थना करायला शिकवलं ते संयोगितामावशींनी. माधवनगरच्या ख्रिस्ती मंडळीत सगळेच त्यांना मावशी म्हणत आणि त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. म्हणूनच एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी तिला बाजूला घेऊन, तू आमच्या अनीशची बायको होणार असं देवानं मला प्रार्थनेत दाखवलं, असं सांगितलं तेव्हा ती घाबरली.

अनीश हा मावशींचा भाचा, शिरवळला कारखान्यात सुपरवायझर. मुलगा निर्व्यसनी, सरळ. पण त्याच्याशी संसार करायचा हा विचार आला की श्रद्धाचं मन मागं सरायचं. आई मात्र हरखून गेली. वडील गेल्यापासून शरयूबाईंना लेकीच्या लग्नाचा घोर लागला होता, आणि इथं तर खुद्द देवानंच स्थळ आणलं होतं. त्यांनी साताऱ्याच्या नातेवाइकांना फोनसुद्धा करून टाकले.

श्रद्धाला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायचं ते कुणाला? मावशींना, की देवाला?

सांगलीतल्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे नमुने तपासून ती दमून घरी यायची. मंडळीच्या ग्रुपवर बायबलमधल्या वचनांचा पाऊस पडलेला असायचा आणि प्रत्येक वचन आपल्यालाच बोट दाखवतंय असं वाटायचं. गुडघे टेकावेत तर शेजारचा टीव्ही, आईचे फोन, उद्याच्या डब्याची काळजी. त्यातूनही डोळे मिटलेच, तर मावशींचा आवाज कानात घुमायचा. देवाचा आवाज तो हाच असला तर? या धास्तीनं ती प्रार्थना अर्धवट टाकून उठायची.

एका शनिवारी दुपारी वीज गेली. टीव्ही, मिक्सर, समोरची पिठाची गिरणी, सगळं एकदम गप्प झालं. श्रद्धा दारातल्या पायरीवर मेथी निवडत बसली. प्रार्थना करायची असं ठरवलंही नव्हतं. हात चालू होते आणि मनातल्या मनात ती सहज बोलून गेली, ‘देवा, तुला हेच हवं असेल तर मी करीन. पण मला तूच सांग.’

उत्तर काही आलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी तिला भीती वाटत नव्हती. कुणी घाई करत नव्हतं, कुणी दटावत नव्हतं. वडील गेले त्या दिवसांत अशीच कुणाची तरी सोबत तिला जाणवली होती. तिनं ती ओळखली आणि डोळे पुसून उरलेली जुडी निवडून टाकली.

संध्याकाळी ती मावशींकडे गेली.

"मावशी, देव आपल्या लेकरांशी बोलतो हे तुम्हीच मला शिकवलंत. माझ्या लग्नाचं असेल तर तो मलाही सांगेल. अजून सांगितलं नाही. तोवर मी हो म्हणणार नाही."

मावशींचा चेहरा उतरला. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. आईवेगळ्या भाच्याला त्यांनीच वाढवलं होतं.

"माझ्याच मनातलं मी देवाच्या तोंडी घातलं का गं?" त्या हळूच म्हणाल्या.

श्रद्धा आत जाऊन चहा टाकून आली आणि त्यांना खेटून बसली. ती निघताना मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी अनीशचा फोन आला. तो रागावला असेल म्हणून तिनं घाबरतच उचलला. पण तो नुसते आभारच मानत सुटला. वाईची एक मुलगी त्याच्या मनात होती. पण मावशी देवाचं नाव घेऊन बोलल्यावर त्याची दातखीळच बसली होती.

"देवाला नाही कसं म्हणायचं, मला कळेना," तो म्हणाला.

"मलाही," श्रद्धा म्हणाली, आणि दोघंही हसू लागली.

आतून शरयूबाईंनी कोण आहे म्हणून विचारलं. त्या चार दिवस रुसणार हे श्रद्धाला ठाऊक होतं. तिनं फोन ठेवला आणि आईची समजूत काढायला स्वयंपाकघरात गेली.