तिसऱ्या सालचा माका

औषध मारून तीन आठवडे झाले तरी माका उभाच होता, आणि ठमी रोज सकाळी उठून आधी तोच बघायला जात होती.

माका तुम्हाला ठाऊक असेल. बारीक पांढऱ्या फुलांचा, केसांच्या तेलात घालतात तो. तेलात तो गुणाचा, पण भाताच्या खाचरात शिरला की सात जन्मांचा वैरी. उपटून चिखलात टाका, मेला पेरापेराला मुळं फोडून पुन्हा मान वर काढील. आणि हा माका उभा होता कमलाकांतशेठच्या खाचरात. शेठचं खाचर वरच्या अंगाला, मग बांध, आणि बांधाखाली ठमीचं पाऊण एकर. वरचं पाणी खाली येणार, आणि पाण्याबरोबर बी येणार. कूळकायद्यात हाती आलेल्या त्या पाऊण एकरावर ठमी, तिचा नवरा बुधा आणि म्हातारी सासू होळीपर्यंत जेवत. होळीनंतरचं होळीनंतर बघायचं.

शेठचं खाचर पडलं बोईसर-चिंचणी रस्त्याला लागून. म्हणून तण मारायच्या औषधाच्या एका कंपनीने ते नमुन्याला हेरलं आणि तिथे पाटी ठोकली. तारापूरला अणुशक्तीचं बांधकाम निघाल्यापासून बेणणीला बाया मिळत नव्हत्या, हे काही खोटं नव्हे. घमेली उचलायला रोज जास्त मिळत असताना भर पावसात कंबर मोडून तण उपटायला येतंय कोण? बुधाही तिकडेच खडी फोडायला जाई. तर अशा वेळी, सहासष्ट साली, पाठीवर पंप बांधून कंपनीचा रामकिसन आला. जालन्याकडचा, ज्वारीच्या मुलखातला, पण माणूस सरळ.

पहिल्या वर्षी काय ती करामत! रुंद पानाचं सगळं तण पिळवटून आठ दिवसांत काळं पडलं, आणि भाताला धक्का नाही. गावाने तोंडात बोटं घातली. खोटं कशाला बोला, ठमीनेही घातली.

दुसऱ्या वर्षी एका कोपऱ्यातले चार-पाच माके वाकडे झाले, पिवळे पडले, आणि मग हळूच सरळ होऊन फुलले. ठमीने सांगितलं तेव्हा रामकिसन म्हणाला, “तिथं फवारा पोचला नसंल, बाई.” ठमी कामाला लागली. त्या चार-पाचांचं बी खाली उतरलं, आणि यंदाचा सबंध श्रावण ती आपल्या खाचरात ओणवी होती. कमरेचा पार काटा ढिला झाला.

आता तिसरं साल. त्या कोपऱ्यात टोपलीभर माका होता. रामकिसनने औषध वाढवून मारलं. भाताचे शेंडे करपले, पण माक्याला काही नाही.

“भाऊ, ही त्या चार जणांचीच पोरां हायत,” ठमी म्हणाली.

“कशावरून?”

“मेल्यांना कुठं पोरां होतात? जी जगली तेंनाच होणार ना!”

रामकिसन डोकं खाजवत उभा राहिला. त्याला कळलं होतं, हीच तर पंचाईत. “म्या वर लिहिलं, बाई. साहेब म्हणतात, तुझंच माप चुकलं असंल.”

“मग उपटून टाका ना.”

“हात लावायचा न्हाई. पाटीवर तेच लिहिलंय. परवा साहेब बघायला येणारेत, त्यावर माझी नोकरी पक्की व्हायचीय. तुमी आत पाऊल टाकू नका, पाया पडतो.”

परवा! ठमीने बांधावरून बघितलं. हिरवी बोंडं काळी पडायला लागली होती. एकदा काळी पडली की बोट लागायचा अवकाश, बी गळलंच. चार झाडांनी श्रावण खाल्ला, मग ही टोपलीभर काय करतील? तिला घास जाईना. सासू म्हणाली, “बाय, भूत बघितलंस काय?” ठमीने ताट बाजूला सारलं. भूत असतं तर भगताला बोलावलं असतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, शेठ जेवून आडवा झाला आणि रामकिसन पालघरला साहेबांची सोय बघायला गेला, तेव्हा ठमी टोपली घेऊन पाटीला वळसा घालून आत शिरली. ती पहिल्या माक्याशी वाकली. शेठने बघितलं तर बांधावरची वाट बंद करील, आणि वाट बंद झाली की आपल्याच खाचरात जायला उडून जायचं काय? पण हात थांबेनात. एकेक माका मुळापासून, बोंडं मुठीत धरून, अलगद. टोपली भरली तेव्हा ती सावकाश बाहेर आली आणि खडकावर, पाण्यापासून लांब, सगळा माका वाळत टाकला. मग ओढ्यावर जाऊन हात घासायला बसली. माक्याचा रस लागला की हात काळे होतात आणि चार दिवस निघत नाहीत. पण जीव मात्र हलका झाला होता.

तेवढ्यात तिच्या जोडीची बेणणीवाली लाडकी आली. ठमीने सगळं सांगितलं. लाडकी हसेल असं तिला वाटलं होतं. लाडकीने कपाळावर हात मारला.

“अगं बये, काय केलंस हां! उद्या साहेब काय बघल? चकचकीत खाचर! म्हणल, वा रे औषध! आनि गावभर मारायला लावल. तू तं त्यांचंच नाक राखलंस!”

ठमीचा घासणारा हात थांबला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. गावभर औषध म्हणजे गावभर असेच चार-पाच उरणार, आणि त्यांचं बी वरून, बाजूने, सगळीकडून येणार. किती खाचरांत चोरून शिरणार ती?

साहेब आले ते जीपने, पायात गमबूट. शेठने नारळपाणी पुढे केलं. साहेबांनी खाचरावरून नजर फिरवली आणि खूश झाले. रामकिसनने कोपरा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्याने बांधावर उभ्या असलेल्या ठमीच्या हातांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“कमलाकांतशेठ, पुढल्या साली सगळ्या गावात,” साहेब म्हणाले. “पहिलं वर्ष फुकट.”

ठमीला आता राहवेना. “साहेब, औषधान मेला नाय तो. मी उपटला. काल.”

शेठ कडाडला, “तू आत शिरलीस? कोणाला विचारून?”

“शिरले. हे बघा हात.” तिने दोन्ही तळवे पुढे केले.

साहेब हसले. रागावले असते तर बरं, पण ते हसले. “बाई, बेणणी करणाऱ्यांचे हात काळे असणारच. तुझा रोज बुडणार म्हणून तू असं बोलतेस. तुझ्या जागी मी असतो तर मीही बोललो असतो. काय रामकिसन, राहिला होता का माका?”

रामकिसन रस्त्याकडे बघत म्हणाला, “असतील चार-दोन, साहेब.”

चार-दोन! ठमीने त्याच्याकडे असं बघितलं की तो जीपजवळ जाऊन उगाच पंपाचा पट्टा सोडू लागला. आणि तेवढ्यात तिला दिसलं. साहेबांच्या बुटाजवळ, भाताच्या चुडाच्या झुबक्याआड एक माका राहिला होता. काल तिच्या नजरेतून सुटलेला. तिला कधी नव्हे तो माक्याला बघून आनंद झाला.

“ह्यो बघा साहेब! ह्यो तुमचं औषध पिऊन जगलाय. ह्याला मुंबईला न्या, कुंडीत लावा, वर औषध ओता. मरतो काय बघा!”

साहेब वाकले. त्यांनी पान चोळलं, दांडा बघितला. मग त्यांनी शेठकडे बघितलं.

“एवढा एकच ना?” असं म्हणून त्यांनी माका उपटला. “हा घे, गेला. आता सांग, कुठे आहे तुझा माका?”

आणि बोलता बोलता त्यांनी तो बांधापलीकडे भिरकावून दिला.

“साहेब, नको!” ठमी ओरडली, पण माका सुटला होता. तो तिच्या खाचराच्या मधोमध पडला. शेठ हसला, मग साहेबही हसले.

ठमीने लुगडं खोचलं आणि बांधावरून खाली उडी टाकली. निसवायला आलेला भात दोन्ही हातांनी बाजूला करत ती पुढे गेली, चुडांमध्ये बघत, पाण्यात चाचपत. वर शेठ आणि साहेब पुढल्या सालच्या औषधाच्या डब्यांचं बोलत होते. माका सापडला तिला, लगेच सापडला, पाण्यावर आडवा तरंगत होता. तिने तो उचलून डोळ्यांजवळ धरला. बोंडं रिकामी होती.

“काय गं ठमे,” वरून शेठने विचारलं, “मिळाला का?”