मावशीची मान आणि सहा पंखे

स्तामेनामावशीच्या घराला दोन खिडक्या होत्या आणि एकेचाळीस वर्षांत त्या दोघींनी एकमेकींना उघडं पाहिलं नव्हतं. एक उघडायची तर दुसरी आधी बंद, कडी घालून, वर उशी लावून. कारण दोन्हींमधून आरपार जाणारा वारा, म्हणजे प्रोमाया, माणसाला मानेतून धरतो तो सोडत नाही, हे झ्लातिबोरच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मावशीचे यजमान विदोयेकाका ट्रॅक्टर उलटून गेले, हे कागदोपत्री. मावशीच्या मते ट्रॅक्टर नुसता निमित्ताला. खरं कारण, त्याला दारं नव्हती.

अशा घरात नेवेनाला सहा पंख्यांचा कॉम्प्युटर आणायचा होता.

नेवेना ही मावशीच्या बहिणीची मुलगी. सहा वर्षांपूर्वी आठवडाभरासाठी म्हणून आली होती. ती शेतीचा गेम खेळायची आणि खेळताना जगाला थेट दाखवायची. खऱ्या बटाट्याच्या सरीत जिने कधी पाय ठेवला नाही, तिला खोटं शेत नांगरताना बघायला रोज दीडशे माणसं जमायची. त्यातली चाळीस तर गावातलीच, खरे शेतकरी. स्वतःचं नांगरायचं सोडून हे लोक खाली लिहायचे, ‘सरी वाकडी गेली.’

अडचण एवढीच, की तिचा जुना लॅपटॉप बरोबर बाविसाव्या मिनिटाला तापून डोळे मिटायचा. आणि ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्या गेमची मोठी स्पर्धा होती, दुपारी एक ते संध्याकाळी सात. नेवेनाने ती सहा तास न तुटता दाखवली, तर वर्षभराच्या सगळ्या स्पर्धा पगारावर तिच्याकडे. तुटली, तर एक सप्टेंबरपासून नोवी साद शहरात, तिच्या बहिणीच्या नवऱ्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात. बहिणीने टोपीसुद्धा शिवून ठेवली होती, केसांवर घालायची, जाळीची.

म्हणून तिने साठवलेल्या पैशांतून घ्यायच्या भागांची यादी केली आणि कॉफीच्या कपाखाली दाबून ठेवली. मावशीने कप उचलला, चष्मा लावला.

“प्रोसेसर. हे काय करतं?”

“डोकं चालवतं, मावशी. एकाच वेळी खेळायचं आणि दाखवायचं, म्हणून जरा दांडगं घेतलंय.”

“रॅम, बत्तीस?”

“लक्षात ठेवायला.”

“माझी चाळणी बत्तीस वर्षांपूर्वी कोणी नेली ते मला अजून लक्षात आहे. बिनबत्तीसची. आणि हे ग्राफिक्स कार्ड?”

“ते चित्रं काढतं.”

“तापतं?”

“सगळ्यात जास्त तेच.”

“चित्रकार तसलेच.” मावशीचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. तिने छातीवर क्रूस काढला. “पंखे, सहा?”

“तीन पुढून हवा आत घेतात, तीन वरून आणि मागून बाहेर—”

“आरपार?”

नेवेनाने यादी परत कपाखाली सरकवली.

“अगं, मला मारायचंच असेल तर सरळ सांग. मी आपली बाहेर दगडावर जाऊन बसते. गार दगडावर!”

गार दगडावर बसणं ही मावशीच्या धमक्यांतली शेवटची पायरी. नेवेनाने हात टेकले आणि उझित्सेच्या दुकानात फोन लावला. तिथला तिहोमिर कॉम्प्युटर जोडून द्यायचा आणि वारा सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचा.

“बंदिस्त कॅबिनेट आहे ना माझ्याकडे,” तो म्हणाला. “पुढून काच, बाजूने काच, वरून काच. पंखे आतल्या आत फिरतात, सात रंगांत. बाहेर फुंकरसुद्धा यायची नाही.”

हे कॅबिनेट चुकीचं आहे, हे नेवेनाला मनातून पक्कं माहीत होतं. हवा आत गेलीच नाही, तर ते दांडगं डोकं आणि तो तापट चित्रकार त्या काचेत शिजतील. पण घरात चांगला कॉम्प्युटर आणि बाहेर दगडावर बसलेली मावशी, यापेक्षा घरात मावशी आणि कसाबसा कॉम्प्युटर बरा, असा तिने हिशेब घातला. काच तर काच. खात्री करून घ्यायला मावशीही निघाली, जूनमध्ये काढलेला लोकरी रुमाल पुन्हा मानेला गुंडाळून.

दुकानात तिहोमिरने तसलंच एक कॅबिनेट मांडून ठेवलं होतं. त्यावर एक अवजड गेम लावून दिला. पंखे सात रंगांत घुमू लागले. मावशीने मान पुढे केली. ही मान म्हणजे पंचक्रोशीतलं नावाजलेलं यंत्र. शेजारच्या गावात दार उघडं राहिलं तरी तिला कळायचं, असं लोक म्हणत.

“काहीच नाही,” मावशी खूश होऊन म्हणाली.

“बघा! सांगितलं नव्हतं?”

मग मावशीने काचेवर तळहात ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि तिचा चेहरा पडला.

“अरे, याला ताप आहे.”

“थोडा असतोच, मावशी.”

“थोडा? अंगावर पापड फुगेल! याचा श्वास कुठून आत जातो?”

“कडेला फट आहे ना.”

मावशीने पिशवीतून चर्चमधल्या मेणबत्तीचा तुकडा काढला.

“मावशी, दुकानात जाळ नका हो करू!”

“गप रे. तुझ्या आजीच्या न्हाणीतली चूल मीच पेटवायचे.” तिहोमिर पुढे होईपर्यंत मेणबत्ती पेटली होती. मावशीने ती फटीपाशी धरली. ज्योत सरळ उभी. मागच्या पंख्याच्या जाळीपाशी नेली आणि ज्योत जाळीकडे ओढली गेली.

“हा मागचा आत ओढतोय.”

“नाही, नाही, तो बाहेर फेकतो.”

“मेणबत्ती खोटं बोलते की तू?”

तिहोमिरने झाकण काढलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. पंखा उलटा बसवलेला होता. वर्षभर तिहोमिर ते यंत्र शोभेला मांडून बसला होता आणि वर्षभर ते पंखे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या तोंडावर फुंकत होते.

मावशी दुकानातल्या खुर्चीत बसली. नेवेनाने तिला इतकं गंभीर फक्त अंत्यसंस्कारांना पाहिलं होतं.

“विदोयेने एका वर्षी असंच केलं होतं,” ती म्हणाली. “पाऊस येईल म्हणून धुरीघराच्या झडपांवर फळ्या ठोकल्या. आत धुरावर वाळायला डुकराच्या अकरा मांड्या टांगलेल्या. आठ दिवसांत हिरव्या! अकराच्या अकरा पुरल्या आम्ही. धर्मगुरूला बोलावलं तर आला नाही.” तिने काचेकडे बोट केलं. “माणसाला आरपार वारा लागला की माणूस संपला. मांडीला नाही लागला की मांडी संपली. आता मला एवढंच सांगा, हे यंत्र माणूस की मांडी?”

बॅटरी बदलायला आलेलं एक गिऱ्हाईकसुद्धा विचारात पडलं.

“मांडी,” शेवटी नेवेना म्हणाली.

“मग तिला धुरीघरात टांग.”

नेवेना बघतच राहिली. धुरीघर स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं. नोव्हेंबरपर्यंत रिकामं, घासून स्वच्छ, समोरासमोर दोन झडपा. यंत्र पलीकडे, कॉम्प्युटरचा पडदा आणि खुर्ची अलीकडे, मधे भिंतीतून वायर. खोलीत आवाज नाही, वारा नाही. जगातले लोक एवढ्यासाठी काय काय विकत घेतात, आणि इथे ते भिंतीपलीकडे घासून ठेवलं होतं.

काच रद्द झाली. मावशीने स्वतः पुढून जाळीचं कॅबिनेट निवडलं आणि सहाही पंखे मेणबत्ती लावून पास केले. तिहोमिरने जाताना हळूच विचारलं, “मावशी, आणखी दोन गिऱ्हाइकांची यंत्रं जोडून ठेवलीत. जरा बघता?” मावशीने बघितली. त्यातल्या एका मांडीला वारा नीट लागत होता, दुसरी साफ गुदमरलेली.

घरी आल्यावर वायरीसाठी भिंतीला भोक पाडलं आणि उरलेली फट विदोयेकाकांच्या लोकरी मोज्याने बुजवली. धुरीघराची एक झडप उघडी राहिली. दुसरी बंदच, कारण तिचा आकडा कधीच तुटून पडला होता आणि ती हाताने धरावी लागायची.

रविवारी एक वाजता स्पर्धा सुरू झाली. तीन हजार माणसं बघत होती. चार तास सगळं लोण्यासारखं. मग डोंगरातला वारा पडला, ऊन धुरीघराच्या पत्र्यावर आलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढू लागला. पंचाहत्तर. ब्याऐंशी. नव्वद. नेवेना कापणीचं वर्णन करत होती आणि डोळ्यांसमोर जाळीची टोपी दिसत होती. उठावं तर प्रक्षेपण तुटतं, न उठावं तर यंत्र झोपतं.

“मावशी,” ती गव्हाबद्दल बोलताबोलता मधेच म्हणाली, “चित्रकाराला ताप आलाय.”

सोफा करकरला. मागचं दार वाजलं. थोड्या वेळाने आकडा थबकला. अठ्ठ्याऐंशी. ऐंशी. एकाहत्तर. तिथून सात वाजेपर्यंत तो हलला नाही.

शेवटचं पीक कोठारात गेलं, आयोजकांचा निरोप पडद्यावर आला, ‘वर्षभरासाठी तुम्हीच’, आणि नेवेना मागे धावली.

धुरीघरात दोन्ही झडपा सताड उघड्या होत्या. त्यांच्या बरोबर मधे स्तामेनामावशी उभी. अंगात काकांचा मेंढीच्या कातड्याचा कोट, डोक्यावर केसाळ टोपी, मानेला तीन रुमाल; आणि दोन्ही हातांनी ती तुटकी झडप वर धरलेली. ऑगस्ट महिना. घामाने निथळत होती.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं, मावशी. मी इथेच राहतेय.”

“मग धर ही. माझे हात गेले. मान तर गेलीच.”

झडपेला काठी लावता आली असती, हे दोघींनाही नंतर, जेवताना सुचलं.

मावशी तीन दिवस अंथरुणाला खिळून होती. मरणार असल्याचं तिने शेजारीपाजारी सगळ्यांना कळवलं, राकिया दारूचे चार घोट आणि भरलेल्या कोबीची दोन पानं जास्त घेतली, आणि आपल्यामागे ते यंत्र नोव्हेंबरात कुठे हलवायचं, यावर नेवेनाशी कडाकडा भांडली. चौथ्या दिवशी ती उठली, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि जरा हिरमुसलीच. मान शाबूत होती.

“मांडीने सगळा वारा ओढून घेतला,” ती म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.