माझ्या नळीवरची हरवलेली माशी

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे, आणि माझ्या आयुष्यातल्या तीन दिवसांचं कोडं मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. तुम्हाला सांगता सांगता कदाचित मलाच उलगडेल, म्हणून सांगते.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या चापाभोवती एक लोखंडी कडी आहे. ती खाली ओढून पुन्हा वर केली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत सरकतं. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. नळीच्या अगदी टोकाला राळ्याच्या दाण्याएवढा एक पांढरा मणी होता. शिकारी लोक त्याला माशी म्हणतात. मागे, नळीच्या बुडाकडे, एक लहानशी खाच असते. एक डोळा मिटायचा, खाचेत माशी बसवायची, माशी सावजावर टेकवायची आणि चाप ओढायचा. मला दिसतं ते त्या माशीतूनच.

मिशनच्या एका डॉक्टरसाहेबांनी मला आगबोटीने इकडे नगर जिल्ह्यात आणलं. एकेचाळीस साली ते मायदेशी परत निघाले, तेव्हा त्यांनी मला शांतवन मास्तरांच्या हवाली केलं. सोनईपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात मास्तर मिशनची शाळा चालवत. रानडुकरं गावातला भुईमूग उकरून टाकत आणि गावात दुसरी बंदूक नव्हती. मास्तरांनी कचेरीतून परवाना काढला आणि मी त्यांच्या घरातल्या खुंटीवर राहायला गेले.

तिथे माझं फार कौतुक झालं. मास्तर नेमाचे पक्के होते. त्यांची बायको हन्नाबाई दर आठवड्याला मला शिलाई यंत्राचं तेल लावून पुसत असत. डुक्कर पडलं की लोक म्हणत, "मास्तरची कडीची बंदूक लई गुनाची हाय." मला वाटायचं, आपलं असंच चालायचं.

मग त्रेचाळीस सालचा माघ महिना आला. ज्वारीची खळी सुरू झाली होती. बुधवारी सकाळी गावात एकच ओरडा झाला. एक लांडगा भरदिवसा वेशीतून आत शिरला होता. लांडगे गावाला नवे नव्हते, पण ते माणूस पाहून पळत. हा पळत नव्हता. तोंडातून फेस गळत होता, चाल वेडीवाकडी होती. वाटेत त्याने एक कुत्रं फाडलं आणि एका वासराला चावा घेतला. लांडगा पिसाळला होता.

मास्तरांनी मुलांना शाळेत कोंडलं, धावत घरी आले आणि मला खुंटीवरून काढलं. दोन महिने माझ्यातून गोळी सुटली नव्हती. गेल्या बाजाराला परवान्याच्या कामासाठी सोनईला नेलं होतं, तेवढंच; त्यानंतर हन्नाबाईंचं पुसणंही राहून गेलं होतं.

लांडगा विहिरीपाशी उभा होता, पन्नास पावलांवर, आडवा. त्याच्या एका बाजूला बऱ्याच अंतरावर भागूबाई ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन थिजल्यासारखी उभी होती. मास्तरांनी मला खांद्याला लावलं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, तो शांत होता. हातही स्थिर होता. चाप ओढला गेला.

गोळी लांडग्याच्या पाठीवरून निघून गेली.

मित्रांनो, मी गोंधळून गेले. असं कधी झालं नव्हतं. आवाजाने लांडगा गर्रकन फिरला आणि समोर दिसेल त्याच्यावर धावला. समोर भागूबाई होती. तिने हात पुढे केला आणि त्याने तिच्या मनगटाच्या वर कडकडून चावा घेतला. लोक काठ्या घेऊन धावले, तेव्हा तो तिला सोडून ओढ्याच्या अंगाला पळाला.

भागूबाईचा नवरा सूर्यभान खळ्यावरून धावत आला. बायकोच्या हातातून रक्त गळताना पाहून तो मास्तरांच्या अंगावरच आला.

"मास्तर, जनावर समोर हुबं हुतं! आडवं हुबं हुतं! डोळं मिटून मारली का गोळी?"

मास्तर म्हणाले, "सूर्यभान, मी नीट नेम धरला होता रे. कसं झालं, मलाच कळत नाही."

"तुमाला कळत न्हाई? मंग कुनाला कळायचं? आता ही मेली, तर तुमच्या हातानं मेली म्हना!"

 हन्नाबाईंनी वेळ दवडला नाही. त्यांनी भागूबाईची जखम साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली आणि सूर्यभानला सांगितलं, "आत्ताच्या आत्ता गाडी जुंप. वांबोरीच्या स्टेशनावर जा, रेल्वेने नगर गाठ. मोठ्या दवाखान्यात पोटात चौदा सुया देतात. एकही चुकवायची नाही." सूर्यभानने बैल जुंपले, पण जाताना त्याने मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. ते हन्नाबाईंना म्हणाले, "माझी नजर गेली बहुतेक. नाहीतर हात. आता ही रायफल कचेरीत जमा करून टाकतो." हे ऐकून मला धरणी फाटावी असं झालं. नजर त्यांची गेली की माझी? हात त्यांचा चुकला की माझी नळी वाकली? मी स्वतःला चाचपून पाहू शकत नव्हते.

गुरुवारी सकाळी हन्नाबाईंनी मला पुसायला घेतलं. जमा करायची तर स्वच्छ करून द्यावी, असं त्यांच्या मनात होतं. नेहमीसारखं त्यांनी फडकं दस्त्यापासून टोकापर्यंत ओढलं. ते सरळ निसटून हातात आलं. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तसंच.

"अहो," त्यांनी हाक मारली, "इकडे या बरं. फडकं दरवेळी टोकाला अडकतं. आज अडकत का नाही?"

मास्तरांनी मला उजेडात नेलं. टोकावर मणी नव्हता. मणी आणि त्याखालची बारीकशी मान, दोन्ही तुटून गेलं होतं. उरला होता एक ठेंगणा खुंट. मास्तरांनी त्यावरून बोट फिरवून पाहिलं. घाईत त्यांनी माशी समजून तो खुंटच खाचेत बसवला होता. ठेंगण्या खुंटासाठी नळी वर उचलली गेली आणि गोळी वरून गेली.

"म्हणजे मी पाहिलंच नाही," ते म्हणाले. "नेम धरला म्हणतो, पण माशीच पाहिली नाही." मला वाटलं होतं, दोष सापडला की त्यांना बरं वाटेल. तसं झालं नाही. ते आणखीच खचले.

लांडगा अजून ओढ्यातच होता. महायुद्धाच्या दिवसांत परदेशी माशी कुठून मिळणार? काडतुसंही सहाच उरली होती. मास्तर मला घेऊन पुंजाराम लोहाराकडे गेले. हन्नाबाईही बरोबर आल्या. पुंजारामने आयुष्यभर नांगराचे फाळ पाजवले होते. त्याने माझं टोक डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाला, "मास्तर, ह्ये सोनाराचं काम हाय. पर करून बघतो."

त्याने एका मोडक्या पितळी कुलपाचा तुकडा कापला. जुना खुंट हलक्या हाताने ठोकून खोबणीतून बाजूला सरकवून काढला आणि त्या जागी पितळी माशी घट्ट बसवली. मग आम्ही गावाबाहेरच्या बांधापाशी गेलो. बांधावर चुन्याचा ठिपका काढला. मास्तरांनी पन्नास पावलांवरून गोळी झाडली. ती ठिपक्याच्या वीतभर खाली मातीत घुसली.

"गोळी खाली गेली," पुंजाराम म्हणाला. "मंग माशी आनखी उंच करू. मंजी गोळी वर जाईल."

मास्तरांनाही ते पटलं. मलाही पटलं, खरं सांगते. पण हन्नाबाई म्हणाल्या, "थांबा. मला बघू द्या." त्यांनी उभ्या आयुष्यात चाप ओढला नव्हता. आताही ओढला नाही. त्यांनी मला बांधावर टेकवलं, डोळा खाचेला लावला आणि किती तरी वेळ टोक वरखाली करत राहिल्या.

"उलटं आहे," त्या म्हणाल्या. "माशी उंच असली, तर ती खाचेत बसवायला टोक खाली दाबावं लागतं. टोक खाली, म्हणून गोळी खाली. काल माशी नव्हती, टोक वर गेलं, गोळी वर गेली. माशी उंच करू नका, घासून कमी करा."

पुंजारामने डोकं खाजवलं. "बाई, गोळी वर न्यायची आन् माशी खाली करायची? माजं तर डोस्कंच चालंना."

"माझंही चालत नाही," मास्तर म्हणाले, "पण सकाळी हिला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. घास."

पुंजारामने बारीक कानस काढली. चार वेळा घासून थांबला. दुसरी गोळी ठिपक्याखाली चार बोटांवर लागली. पुन्हा घासलं, अगदी जपून, कारण घासलेलं परत चिकटवता येत नव्हतं. तिसरी गोळी चुन्यात बसली. तीन काडतुसं उरली. मास्तरांनी मला खांद्यावर घेतलं, पण त्यांचा हात आता थरथरत होता. मला पुन्हा दिसू लागलं होतं आणि त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला होता. हे कसं काय, मला समजेना.

शुक्रवारी दुपारी लांडगा आबासाहेब पाटलांच्या खळ्यावर आला. बाया ज्वारी उफणत होत्या. त्या किंकाळ्या मारत कडब्याच्या गंजीवर चढल्या. मालनबाई म्हातारी होती, तिला चढता येईना. लांडगा झोकांड्या खात तिच्याच दिशेने येत होता.

मास्तर आले, गुडघ्यावर बसले आणि मला गाडीच्या जूवर टेकवलं. थरथर माझ्या दस्त्यापर्यंत पोचत होती. हन्नाबाई मागून एवढंच म्हणाल्या, "आधी माशी बघा."

त्यांनी पाहिली. पितळ उन्हात पिवळं चमकत होतं. माशी खाचेत बसली, लांडग्याच्या खांद्यावर टेकली आणि थरथर थांबली. चाप ओढला. लांडगा जागच्या जागी कोसळला.

कुणी आनंदाने ओरडलं नाही. मेलेल्या लांडग्याच्या अंगावर बरगड्या दिसत होत्या. तोही बिचारा गोंधळलेलाच होता. आपल्याला काय झालंय हे त्याला कुठे ठाऊक होतं? लोकांनी त्याला हात न लावता कडब्यात जाळून टाकलं.

भागूबाई नगरच्या दवाखान्यात होती. रोज एक सुई. मास्तर रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची खुशाली विचारत. अठराव्या दिवशी ती परत आली, अशक्त पण सुखरूप. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभान आमच्या दारात उभा राहिला. त्याने मूठ उघडली. तळहातावर पांढरा मणी होता.

"मास्तर, ह्ये तुमचं हाय का? गाडी धुताना फळीच्या फटीत गावलं."

तेव्हा मला आठवलं. परवान्याच्या कामाला आम्ही सोनईला गेलो होतो, ते सूर्यभानच्याच गाडीतून. ओढ्याच्या उतारावर गाडी आदळली होती आणि माझं टोक गाडीच्या तळाच्या लोखंडी पट्टीवर आपटलं होतं. मला नुसतं दुखल्यासारखं वाटलं होतं. काय गेलं ते कळलं नव्हतं.

"माज्या गाडीत तुटली," सूर्यभान म्हणाला.  "मी बैलं पळवली हुती उतारावर. आन् समद्या गावाम्होरं तुमाला बोललो."

तो मणी त्याला वाटेत फेकून देता आला असता. कुणालाही काही कळलं नसतं.

मास्तर म्हणाले, "सूर्यभान, गाडी सगळ्यांचीच आदळते. गोळी मारण्याआधी मी बघायला हवं होतं."

"आन् शिव्या द्यायच्या आदी म्या," सूर्यभान म्हणाला. मग दोघंही ओट्यावर बसले. हन्नाबाईंनी गुळाचा चहा आणला.

पुढे मास्तर थकले आणि एकोणपन्नास साली त्यांनी मला कचेरीत जमा केलं. आता मी एका अंधाऱ्या खोलीत, दस्त्याला चिठ्ठी बांधून, भिंतीला टेकून उभी आहे. कडीवर गंज चढला आहे. तेलाचा थेंब मिळून कितीतरी वर्षं झाली. दोष नक्की कुणाचा होता, माझा, मास्तरांचा, सूर्यभानचा की उताराचा, हे मी अजूनही ठरवू शकलेले नाही.

एवढंच सांगते मित्रांनो, तुमच्या घरातली विळी असो, सायकल असो की चष्मा, तिच्यावरून रोज एकदा हात फिरवत जा. आम्हाला आमचं दुखणं सांगता येत नाही. आणि एखाद्या भल्या माणसाचा नेम चुकला, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याचं काय तुटलं आहे, ते त्याच्यासोबत शोधा.