लाल झाकणाच्या बरण्या

मामा मोठ्या इस्पितळात वॉर्डात मदतनीस होता. पेशंटला उचलायचं, ढकलगाडी ओढायची, रक्त-लघवीचे नमुने तपासणीला पोचवायचे, नातेवाइकांच्या शिव्या खायच्या, हे त्याचं काम. डॉक्टरीणबाईंपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत. इस्पितळात त्याच्यावाचून पान हलत नाही असा त्याचा रुबाब, आणि घरी मात्र मसाल्याच्या फळीवरून रोज बोलणी खायची पाळी.

त्याचं असं झालं होतं, की स्वयंपाकघराची भिंत आणि शेजाऱ्यांची न्हाणी पाठीला पाठ लावून. भिंत बारमाही ओली. फळीवरचे जुने पत्र्याचे डबे गंजून त्यांची झाकणं निघेनाशी झाली होती, आणि निघाली की आत बघवत नव्हतं. तिखटाचे गोळे, हळदीला जाळी, जिऱ्यात किडे. बायको रोज एक डबा त्याच्या नाकासमोर धरायची. "अहो, वास घ्या! हे मी तुमच्या पोटात घालू?"

मग दोघं डबे शोधत हिंडले. स्टीलचे डबे हातात घेऊन परत ठेवले. काचेच्या बरण्यांचा भाव ऐकून दोघंही एकदम समोरच्या झाडूंकडे बघायला लागले, जणू झाडूच घ्यायला आले होते. शेवटी फुटपाथवरून स्वस्तातले प्लास्टिकचे डबे आणले, तर आठवडा व्हायच्या आत झाकणं वाकडी झाली. "आत घालायच्या मसाल्यापेक्षा डबा महाग, ही कुठली तऱ्हा!" असं म्हणून बायकोने हात टेकले.

आणि एक दिवस इस्पितळाच्या भांडारात साफसफाई निघाली. एक खोकं भंगारात चाललं होतं. आत दुधी प्लास्टिकच्या नव्या कोऱ्या बरण्या, फिरकीचं लाल झाकण, उलट्या धरल्या तरी थेंब गळणार नाही. शरीरातून काढलेला तुकडा तपासणीला पाठवतात ना, त्या ह्या बरण्या. मुदत संपली म्हणून टाकायला काढल्या होत्या. रिकामी बरणी नुसती बसून शिळी कशी होते हे मामाला काही केल्या कळेना. त्याने भांडारवाल्याला विचारलं, भांडारवाला म्हणाला, "ने बाबा, माझं ओझं कमी."

बायको हरखून गेली. एकेक झाकण फिरवून बघत म्हणाली, "कशाच्या हो ह्या?"

"औषधाच्या," मामा म्हणाला. आता हे धड खोटं नाही, धड खरंही नाही. पण खरं सांगितलं असतं तर खोकं जिन्यावरून खाली गेलं असतं आणि मागोमाग मामा. त्याने जीभ आवरली, एवढंच.

तिने बरण्या धुतल्या, वाळवल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीचा पांढरा तुकडा लावून नावं लिहिली. चिकटपट्टीही इस्पितळातलीच. हळद, तिखट, धने, जिरं, मिरी. फळी अशी काही दिसायला लागली की शेजारणी मुद्दाम साखर मागायला येऊन बघून जायच्या. मामाची घरातली किंमत जरा वधारली.

असे बरे दिवस चालले असताना अंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. डाव्या स्तनात, आवळ्याएवढी. तिने मामाला सांगितलं तेव्हा तिचा आवाज स्थिर होता, पण हातातला टॉवेल ती पिळतच राहिली, पाणी कधीच संपलं होतं तरी. तिची आई याच दुखण्याने गेली होती. आईची गाठही आधी साधी आहे म्हणाले होते सगळे. म्हणून "साधी असेल" हे शब्द तिला ऐकवत नसत. तिला एकच हवं होतं, काय ते नक्की कळायला हवं.

ऑपरेशन मामाच्याच इस्पितळात, डॉक्टरीणबाईंनीच केलं. गाठ अख्खी काढली. शनिवारची दुपार उलटून गेली होती आणि तपासणी करणारी लॅब गावाच्या दुसऱ्या टोकाला, ती थेट सोमवारी उघडणार. गाठीचा नमुना बाहेरच्या लॅबमध्ये नातेवाइकांनीच पोचवायचा, ही तिथली रीतच. डॉक्टरीणबाईंनी मामाच्या हातात बरणी ठेवली. दुधी प्लास्टिक, लाल झाकण, वर चिकटपट्टीवर बायकोचं नाव. आत नमुना टिकवणारं फॉर्मालिनचं उग्र पाणी आणि ती गाठ.

"सोमवारपर्यंत काही होत नाही तिला. वॉर्डच्या कपाटात ठेवा," त्या म्हणाल्या.

बायको गुंगीतून अर्धवट डोळे उघडत होती. मामाच्या हातातल्या बरणीकडे बघून ती जड जिभेने म्हणाली, "अहो, हळद कशाला आणलीत इथं?"

मामा हसला आणि तिचं पांघरूण सारखं केलं.

वॉर्डचं कपाट! मामा ते कपाट ओळखून होता. तिथून नमुने हरवलेले, सांडलेले, एकाचे दुसऱ्याच्या नावावर गेलेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते. बायकोचा जीव त्या कपाटाच्या भरवशावर सोडायला तो काय खुळा होता? दुसऱ्या कुणी बरणी तिथे निमूट ठेवली असती. मामाला इस्पितळ आतून माहीत होतं, म्हणून त्याने बरणी पिशवीत घातली आणि घरी नेली. घरात उंदीर लागू नये, ऊन लागू नये, कुणाचा धक्का लागू नये अशी जागा एकच होती. ती फळी. तिथे बायकोशिवाय कुणी हात लावत नसे, आणि बायको तर इस्पितळात होती. त्याने बरणी कोपऱ्यात सरकवली आणि उलट पावली बायकोकडे गेला.

घर बघायला त्याची आई आली होती. बिचारी म्हातारी, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हाताला क्षणाची उसंत नाही. मामाने तिला गाठीचं सांगितलं होतं, बरणीचं नाही. उगाच घाबरेल म्हणून.

रविवारचा दिवस आणि रात्र तो बायकोच्या उशाशीच होता. सोमवारी सकाळी नमुना न्यायला घरी आला आणि थेट फळीपाशी गेला. फळी लखलखत होती. सगळ्या बरण्या घासूनपुसून, उंचीने लावल्यासारख्या ओळीत. कोपऱ्यात बरणी नव्हती.

"आई, इथं एक बरणी होती."

"बरण्या सगळ्या आहेत की," आई कौतुकाने म्हणाली. "काल दिवसभर घासत बसले होते. सूनबाई घरी आली की तिला बरं वाटेल."

"कोपऱ्यातली, आई. पाणी होतं तिच्यात."

आईने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "ती होय! अरे, काहीतरी सडलं होतं आत. असा उग्र दर्प, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखण्यात विसरली असेल पोर. मी कागदात गुंडाळून टाकून दिलं, बरणी उकळत्या पाण्याने धुतली आणि धने भरून ठेवले. तू बोलू नकोस हं तिला. बाईमाणसाला लाज वाटते असल्या गोष्टींची."

"कुठं टाकलंस?"

"कचऱ्याच्या बादलीत. आत्ताच गेली की गाडी."

मामा जिन्यावरून अक्षरशः पडत धावला. गाडी कोपऱ्यावर नव्हती, पुढच्या चौकातही नव्हती. तो विचारत विचारत कचरा डेपोपर्यंत गेला. आत गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होत होत्या. समोर कचऱ्याचा डोंगर उभा होता. तरी तो वाकला. कागदाचा एक बोळा उघडला, दुसरा उघडला. तिथल्या एका कामगाराने विचारलं, "काय हरवलंय? सोनं का?" तो तिथेच बसला आणि लहान पोरासारखा रडला.

डॉक्टरीणबाई आधी त्याच्यावर ओरडल्या. "मामा, तुम्ही? बाकी कुणी केलं असतं तर समजू शकले असते!" मग खुर्ची ओढून त्याला बसवलं. दिसायला गाठ त्यांना बरी वाटली नव्हती, पण नुसत्या दिसण्यावर त्या छातीठोक काही सांगू शकत नव्हत्या. "आता वाट बघायची आणि वरचेवर तपासत राहायचं, किंवा वाईट धरून चालायचं आणि स्तन काढून टाकायचा. गाठ अख्खी निघालीय, माझं मत विचाराल तर थांबा. पण निर्णय तिचा."

बायकोला सांगताना मामा खाली मान घालून उभा होता. तिने सगळं ऐकलं.

"त्या बरण्या मुळात ह्याच्यासाठीच होत्या ना?"

"हो. पण नव्या होत्या गं, आईशप्पथ, कोऱ्या होत्या."

"औषधाच्या म्हणालात मला." "इतका राग आलाय तुमचा! हात उचलवत नाहीये म्हणून वाचलात."

"मार मला. बरा होईल हात, तेव्हा मार."

ती रडली. रडणं ओसरल्यावर तिने विचारलं, "आईंना माहितीये, काय टाकलं ते?"

"नाही."

"मग कळता कामा नये. मरतील त्या." तिने डोळे पुसले. "बाईंना सांगा, काढून टाका. रोज अंघोळीला हात लावून बघायचं आणि वाट बघायची, माझ्या आईचं बघितलंय मी ते. मला नाही जमणार. आणि घरी सांगा, रिपोर्ट वाईट आला."

तसंच सांगितलं. आईने कपाळावर हात मारून घेतला, "देवा, मला न्यायचं होतंस रे!" म्हणून हंबरडा फोडला. मामाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बायकोची ती नजर आठवली आणि त्याने तोंड मिटलं.

दुसरं ऑपरेशन झालं. या खेपेला बरणी मोठी होती, आणि मामा ती छातीशी धरून लॅब उघडायच्या आधी दारात जाऊन बसला. रिपोर्ट आला. या भागात काहीही सापडलं नाही.

"म्हणजे पहिली गाठ साधी होती?" मामाने विचारलं.

"साधी असेल. किंवा वाईट असेल आणि पहिल्याच खेपेला सगळी निघाली असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते आता कुणालाच कळणार नाही, मामा."

म्हणजे नाहक कापलं की वाचवलं, हे जन्मभर विचारत बसायचं. बायकोला जे एकच हवं होतं, तेच तेवढं कचऱ्याच्या गाडीतून निघून गेलं होतं.

ती घरी आली त्या दिवशी आईने तिला हाताला धरून आत नेलं. सैल झालेल्या ब्लाउजकडे आई बघत नव्हती, आणि बघत नाही हे ठळक दिसत होतं. तिने घाईघाईने फळीकडे बोट केलं.

"बघ तरी, तुझ्या बरण्या कशा ठेवल्यात मी. एकीत जरा काहीतरी सडलं होतं, ते काढून टाकलं. मनाला लावून घेऊ नकोस हं. होतं असं, दुखण्यात."

मामा दारात उभा होता. त्याला वाटलं, आता ही फुटणार. फुटावं, असंही वाटलं.

"चांगल्या घासल्यात हो, आई," ती म्हणाली. तिने उजवा हात वर करून तीच धन्याची बरणी काढली, झाकण फिरवलं आणि स्वयंपाकाला लागली.