बेसच्या गुळगुळीत तारेची कैफियत

मित्रांनो, मला 'डेड' म्हणणाऱ्यांना आधी माझा कोपरापासून नमस्कार! मी झाशीच्या नामदेवरावांच्या बेस गिटारची सगळ्यांत जाड तार. वय झालंय माझं, मान्य. पण मेलेली नाही मी.

माझा जन्म कारखान्यातला. बहुतेक तारांच्या पोलादी गाभ्यावर बारीक गोल तार गुंडाळतात, म्हणून त्या खरखरीत असतात. माझ्यावर गुंडाळली चपटी पट्टी, म्हणून मी गुळगुळीत. खंडेनवमीला नामदेवरावांच्या पत्नी, प्रेमलाबाई, गिटारची पूजा करतात, तेव्हा माझ्यावरचं हळदकुंकू फडक्याच्या एका फटक्यात पुसलं जातं. नवी होते तेव्हा मीही जरा खणखणायचे. मग वर्षानुवर्षं बोटांचा घाम लागला, झाशीचे उन्हाळे सोसले आणि तो खणखणाट जिरला. उरला तो खोल, 'धुम्' असा आवाज. लोणचं मुरलं की मागून घेता ना? मग तार मुरली की नावं का ठेवता?

यंदा मंडळाच्या गणपतीत प्रेमलाबाई गळ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गाणार होत्या. आवाज क्षीण झालेला, मनात धाकधूक. या वेळी जमलं नाही तर गाणं कायमचं बंद, असं त्यांनी घरात सांगूनच टाकलं होतं. आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या लेकीला, इराला, बाबांना भेट द्यायची हौस आली. तिनं झाशीच्या सदर बाजारातून नव्या चकचकीत, खरखरीत तारा आणून चढवल्या. मला काढलं, खिडकीच्या गजांना बांधलं आणि माझ्यावर मोजे वाळत घातले. ओले मोजे, मित्रांनो! आता काय बोलायचं?

घरातल्या तालमीत त्या नव्या भवान्यांनी कहर केला. बोट सरकलं की चर्रर्र, सूर लागला की खणखणाट. प्रेमलाबाईंचा आवाज त्यात पार बुडाला. त्या मधेच थांबल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "माझा आवाज संपलाय."

मी खिडकीत चडफडत होते. अहो, आवाज नाही संपला, त्याला जागा उरली नाही! नशीब, नामदेवरावांना ते कळलं. त्यांनी मोजे बाजूला केले, मला सोडवलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि माझ्या तिघी बहिणींनाही शोधून आणलं. एकदा खुंटीवर वाकलेली तार पुन्हा चढवताना तुटू शकते. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण तुटून चालणार नव्हतं. दात घट्ट आवळून टिकले.

कार्यक्रमात प्रेमलाबाई गायल्या. आधी कापऱ्या आवाजात, मग मोकळ्या गळ्यानं. मी खालून 'धुम्, धुम्' करत राहिले.

घरी आल्यावर इरा मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकत बसली. "बाबा, बेस तर सुनाईच नाही देत," ती म्हणाली. "मी बोलले होते ना, त्या तारा खराब आहेत."

उत्तर प्रेमलाबाईंनी दिलं.

"मला येत होता ऐकू. त्याच्यावर पाय रोवूनच तर उभी होते मी."

मित्रांनो, जुनी तार काढायची असेल तर खुशाल काढा. पण आधी तिच्या आधारानं कोण गातंय, तेवढं विचारा.