चोळायचं नाही

मैदानावर बेसबॉलचा सामना क्षणभर थांबला होता. चेंडू बरगड्यांवर आदळल्याचा तो ओला, जाड आवाज अजून हवेत लोंबकळत होता. लाकडी पायऱ्यांवर बसलेली चारशे माणसं उकडलेल्या शेंगांच्या पुड्या मांडीवर तशाच धरून एकाच गोष्टीकडे पाहत होती : सोळा वर्षांच्या कोल्बी पॉसीच्या उजव्या हाताकडे. तो हात डाव्या बरगडीकडे जातो की नाही?

हात गेला नाही. कोल्बीने बॅट टाकली आणि तो पहिल्या बेसच्या गादीकडे धावत सुटला. मग गर्जना उठली.

टायर शोल्स गावात मूल चालायला लागायच्या आधी हे शिकतं. फेकलेला चेंडू अंगावर बसला तर पहिला बेस फुकट मिळतो. पण लागलेली जागा चोळायची नाही. चोळलीस, तर दुखलंय हे फेकणाऱ्याला कळलं. आणि एकदा कळलं, म्हणजे तू त्याच्या तावडीत.

शाळेच्या संघाच्या बाकावर, टोकाला बसलेल्या शहात्तर वर्षांच्या हॉईट टिडवेलने चौतीस वर्षं या शाळेच्या पोरांना हेच शिकवलं होतं. तो स्वतः हे शिकला कापडगिरणीच्या संघात, अठ्ठेचाळीस साली. चेंडूने त्याचा जबडा फोडला, दोन दात रक्तासकट धुळीत पडले, आणि संघाचा मालक कुंपणाआडून म्हणाला, "हात तोंडाशी गेला, तर सोमवारपासून नुसता मागावर उभा राहशील." हात गेला नाही. पुढच्या डावात बेस राखायला धावत आलेल्या त्याच पिचरच्या, चेंडू फेकणाऱ्याच्या, नडगीत हॉईटने बुटाचे खिळे असे रुतवले, की मांस उलगडून पांढरं हाड दिसलं. त्या संध्याकाळी गिरणीने त्याला खांद्यावर नाचवलं.

मग कोरियाचं युद्ध. सार्जंटने विचारलं, "चेंडू कोण फेकतं?" हॉईटने हात वर केला. त्या हिवाळ्यात त्याने चेंडूसारखेच हातबॉम्ब फेकले, खंदकामागून खंदकात. समोर उडाली ती माती की माणूस, हे बर्फ लाल झाल्यावरच कळे. त्याच्या शेजारी गिरणीच्याच संघातला रुडी कॅन्ट्रेल होता. रुडीची गोष्ट तो दर वर्षी पोरांना सांगे : पोटात गोळी शिरली, तरी रुडी दोन तास एका कोपराने कोट आवळून बॉम्ब हातात देत राहिला. हूं की चूं केलं नाही. कोट उघडला, तेव्हा आतडी हॉईटच्या ओंजळीत आली.

चौऱ्याहत्तर साली त्या गोष्टीला जोड मिळाली. सतरा वर्षांच्या लामार गॉसेटच्या डाव्या कुशीत चेंडू बसला. तो दोन डाव खेळला आणि तिसऱ्या बेसवर कोसळला. आत बरगड्यांखाली प्लीहा फाटली होती. तो जगला, आता तोच संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. दर फेब्रुवारीला नव्या पोरांसमोर तो शर्ट वर करायचा, छातीपासून बेंबीपर्यंतचा व्रण दाखवायचा आणि म्हणायचा, "मी कुणाला सांगितलं? कुणालाच नाही." हॉईट शेजारी उभा राहून मान डोलवायचा.

आज पहिल्या बेसवर उभा असलेला कोल्बी डावा खांदा पुन्हा पुन्हा उचलत होता. चेंडू लागला होता कुशीत. खांद्याला काहीच लागलं नव्हतं. त्याचे ओठ राखेसारखे झाले होते.

"लामार, पोराला बाहेर काढ," हॉईट म्हणाला.

"का? वाऱ्यासारखा पळाला की! हात हललासुद्धा नाही, बघितलंत ना कोच?"

"खांदा बघ त्याचा. आत रक्त साचलं की खांदा दुखतो. डॉक्टरनं मला तुझ्या वेळी सांगितलं होतं."

"तुम्ही शेंगा खा, कोच. डाव संपायला अजून दोन आउट शिल्लक आहेत."

बाकावरचा एकजण खिदळला, "कोच टिडवेल, तुमच्या जमान्यात मुंडकं तुटलं तरी बेस गाठायचे म्हणे!"

"मुंडकं पुढं, धड मागनं," दुसरा म्हणाला.

तेवढ्यात पिचरने पुढचा चेंडू टाकला आणि कोल्बी दुसऱ्या बेसकडे सुटला. त्याने पोटावर झेप घेतली. चेंडू अडवणाऱ्याचा गुडघा नेमका त्याच कुशीत घुसला. धूळ खाली बसली तेव्हा बेस त्याच्या मुठीत होता. तो उठला, पण टप्प्याटप्प्याने, आणि बेसच्या कडेला ओकला. समोरच्या बाकावरून आवाज आला, "काय रे, मम्मीला बोलावू का?" कोल्बीने तोंड पुसलं. हात कुशीकडे गेला नाही. पायऱ्या पायांनी दणाणू लागल्या.

हॉईट उठला. त्याने लामारची कॉलर धरून त्याला बॅटींच्या मांडणीवर असं आपटलं, की बॅटी घरंगळत पोरांच्या पायांत गेल्या. हसणं थांबलं.

"तू सांगितलं होतंस."

"सोडा, कोच. पोरं बघतायत."

"बघू देत. याच बाकाशी येऊन तू म्हणालास, 'कोच, खांदा दुखतोय, श्वास घेववत नाही.' दोनदा म्हणालास. रडत होतास तू. मी म्हणालो, 'मला ऐकू आलं नाही, गॉसेट.' आणि तुला ढकलून परत मैदानात घातलं."

"खोटं आहे हे."

"तुला चिरत होते, तेव्हा बाहेर तुझ्या आईला मी सांगितलं, पोरानं ब्र काढला नाही. शुद्धीवर आल्यावर तिनं ते तुला सांगितलं. त्या दिवसाचं तुला तेवढंच आठवतं."

"आणि रुडी?" लामारचा आवाज एकदम कोवळा झाला होता. "रुडी कॅन्ट्रेल?"

"ओरडत होता. दोन तास. आईला हाक मारत होता. मी त्याच्या तोंडात हातमोजा कोंबला, आमची जागा कळू नये म्हणून." म्हाताऱ्याने कॉलर आणखी आवळली. "त्याच्या आईलाही मी सांगितलं, पोरानं ब्र काढला नाही."

दुसऱ्या बेसवर कोल्बी गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. पिचर चेंडू हातात घोळवत वाट पाहत होता.

"आता तू जातोस, की मी जाऊ?" हॉईटने विचारलं.

लामारने कॉलरवरची ती वाकडी, म्हातारी बोटं एकेक करून सोडवली. मग त्याने चुन्याची रेघ ओलांडली आणि तो दुसऱ्या बेसकडे चालू लागला.