घरातून आलेली वीज

तीस वर्षं धुळ्यात विजेच्या खांबावर चढून काढली, आता निवृत्त झाल्यावर तरी देवचंद नानांनी गप्प बसावं. पण ते त्यांच्या रक्तातच नव्हतं. देवपुरातल्या घराच्या पत्र्यावर त्यांनी दोन सोलर प्लेटा बसवल्या. कुठल्याशा गावातली योजना बंद पडली, तेव्हा भंगारात आलेल्या. खाली ट्रॅक्टरची बॅटरी आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दोस्ताकडून जुळवून घेतलेला इन्व्हर्टर. चौऱ्याण्णव साली असलं काही अख्ख्या गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हाताऱ्याला उन्हाचं खूळ लागलं, असं लोक हसून म्हणायचे.

खूळबिळ काही नव्हतं. नानांच्या बायकोला, लिलाबाईंना, दम्यानं धरलं होतं. मे महिन्यात लाइट गेली की त्या खाटेवर उठून बसायच्या आणि तोंड उघडून वारा शोधायच्या. ते नानांना बघवत नसे. दिवसभर ऊन गोळा करायचं आणि लाइट गेली की तिच्या उशाशी पंखा फिरवायचा, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

जोडणी मात्र नानांनी आपल्या अकलेनं केली होती. एका वायरीच्या दोन्ही टोकांना पिना. एक पिन इन्व्हर्टरमध्ये, दुसरी भिंतीतल्या प्लगमध्ये, की सगळं घर बॅटरीवर चालू. फक्त त्याआधी दाराजवळच्या मेन स्विचची दांडी खाली ओढायची, म्हणजे घराचा बाहेरच्या तारांशी संबंध उरत नाही. कधी विसरलं तर लगेच कळायचं. सगळ्या गल्लीचा भार त्या एवढ्याशा बॅटरीवर पडायचा आणि इन्व्हर्टर गुरगुरून बंद पडायचा. त्या गुरगुरीवर नानांचा भरवसा होता. पंखा फिरला म्हणजे दांडी खाली आहे, असं त्यांच्या मनानं कधीच घेतलं होतं.

त्या दिवशी दुपारी चार वाजता वादळ आलं. पत्रे उडाले, लिंबाची फांदी पडली आणि नानांच्या घराची सर्व्हिस वायर खांबावरून तुटून लोंबायला लागली. आत लिलाबाईंचा श्वास घरघरत होता. नानांनी धावत जाऊन पिन लावली. पंखा फिरला. इन्व्हर्टर गुरगुरला नाही. त्यांना हायसं वाटलं.

तासाभरानं बाहेरून हाक आली. "जयभीम, नाना! तुमनी वायर तुटी गयी, जोडी देस!"

तो अभिमन होता, गल्लीचा लाइनमन. त्याला खांबावर चढायला नानांनीच शिकवलं होतं. फ्यूज काढला की खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कुणी बसवणार नाही. तारेवर आधी टेस्ट बल्ब लावायचा. जोडताना आधी न्यूट्रल, मग फेज. पोरगा एकही गोष्ट विसरणारा नव्हता. त्याचा नानांना सख्ख्या लेकासारखा अभिमान वाटे.

"चढ तू," नाना आतूनच ओरडले. "मी चहा ठेवस."

आधण उकळत होतं तेव्हा बाहेर शिडी कोसळल्याचा आवाज झाला.

दवाखान्यापर्यंत अभिमन जिवंत पोचलाच नाही. लोक त्याला उचलत होते, तेव्हा नाना पाण्याची कळशी घ्यायला घरात आले आणि दाराजवळ थबकले. मेन स्विचची दांडी वर होती.

त्यांना सगळं एका क्षणात कळलं. वायर खांबावरूनच तुटलेली, म्हणून गल्लीचा भार आलाच नाही, इन्व्हर्टर गुरगुरला नाही. बॅटरीची वीज घरातून उलटी बाहेर गेली आणि लोंबणाऱ्या टोकाशी थांबली. अभिमननं खांबावरच्या तारा तपासल्या असणार. पण घरातून आलेली वायर कोण तपासतो? वीज घरात जाते, घरातून येत नाही, हे नानांनीच त्याला शिकवलं होतं.

नानांनी दांडी खाली ओढली. मग पिन काढली. ह्या कृत्याला दुसरा शब्द नाही. त्यांनी पुरावा पुसला. खाटेवरून लिलाबाई बघत होत्या.

चौकशी झाली. अभिमनच्या खिशात फ्यूज सापडला होता, पण तो चुकीच्या फेजचा, भलत्याच तारेचा असणार, असं वीज मंडळाच्या साहेबांनी ठरवून टाकलं. कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे अपघात. चौकशी पुरी होईतो तुटकी वायर तशीच ठेवा, म्हणाले. म्हणजे नानांचं घर आता निव्वळ उन्हावर चाललं होतं, आणि पंख्याचा प्रत्येक फेरा नानांच्या काळजाला कापत होता.

पाचव्या दिवशी अभिमनची बायको बेबाबाई आली. उंबऱ्यावरच बसली.

"नाना, साहेब म्हनतस त्यानी चुकीना फ्यूज काढा. तुमीच त्याले शिकाडं ना? तो असा चुकी का? तुमी एकदाव त्येस्ले सांगा. तो गया तो गया, पन त्याना नावले बट्टा नको."

नाना खाली मान घालून बसले. त्यांना स्वतःची इतकी किळस जन्मात कधी आली नव्हती. बेबाबाई वाट पाहून उठून गेली.

"मी देखं," लिलाबाई खाटेवरून म्हणाल्या. "दांडी वर व्हती."

"सांगं ते ह्या साहेब लोक प्लेटा, बॅटरी, बठ्ठं काढी लेतीन. तुना पंखा बी जाई. माले पोलीस लई जातीन. तुनं कसं व्हई?"

"मन्हा वारासाठे त्याना जीव गया. आते त्यानं नाव बी मीच खाऊ का?" एवढं बोलून त्यांना धाप लागली.

दुसऱ्या दिवशी नाना ऑफिसात जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. "नाना, तुमचा जीव होता त्याच्यावर, मला कळतं. पण घरातून खांबावर करंट? उगाच स्वतःवर घेऊ नका."

माणसानं जीव मुठीत धरून खरं बोलावं आणि समोरच्यानं त्याला भलेपणा समजावा, याहून वाईट काय असेल! नाना हात जोडून म्हणाले, "साहेब, घरी चला. दाखवतो."

भर दुपारी साहेब दोन माणसं घेऊन आला. नानांनी बेबाबाईलाही बोलावून घेतलं. गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचे, डीपीवरचे सगळे फ्यूज साहेबांच्याच माणसाकडून काढवले. लोंबणाऱ्या वायरीच्या दोन टोकांना त्यांनी बल्ब बांधला, बांबूनं उंच धरायला लावला आणि आत गेले. दांडी वर केली. पिन लावली.

लिलाबाईंच्या उशाशी पंखा फिरायला लागला. बाहेर, खांबाजवळ, लख्ख उन्हात बल्ब पेटला.

साहेबानं टोपी काढली. "माझा रिपोर्ट चुकला," तो हळूच म्हणाला. "अभिमनची काही चूक नव्हती."

बेबाबाई बल्बकडे बघत उभी राहिली. मग चालत घरात आली. नाना स्विचपाशी उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

नानांनी दांडी धरली आणि खाली ओढली. बाहेरचा बल्ब विझला. पंखा फिरतच राहिला.

"इतलंच करानं व्हतं?" बेबाबाईनं विचारलं.

"हा, माय," नाना म्हणाले. "इतलंच."